बाईंच्या पेल्यातले कालचे मोती

आ-वांगला वरमलेलं मी दोनदाच पाहिलं, आणि दोन्ही वेळा समोर श्यू बाई होत्या. दुसऱ्या वेळी त्या फोटोत होत्या, एवढाच फरक.

लुगांग गावातल्या देवळामागच्या गल्लीत त्याची चहाची टपरी आणि माझं शेवयांच्या सूपचं दुकान अगदी खेटून आहेत. माणूस महा निगरगट्ट. गिऱ्हाइकाशी हुज्जत घालेल, माझ्या सूपला माझ्याच तोंडावर नावं ठेवेल.

तरुणपणी त्याने दुधाच्या चहात साबुदाण्यासारखे, पण मोठाले, चिवट काळे मोती घालायला सुरुवात केली. तेव्हा त्या मोत्यांना सगळीकडे ‘बोबा’ म्हणायला लागले होते. नाक्यावरची पोरं भरल्या छातीच्या बाईला मागून म्हणतात, तोच शब्द. ह्या पठ्ठ्याने लाल अक्षरांत पाटी रंगवली, ‘बोबा सम्राट’. दुसऱ्याच दिवशी शाळेतल्या श्यू बाई पाटीखाली उभ्या राहिल्या आणि सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, “आ-वांग, मला मोत्यांचा दूध-चहा दे. अर्धी साखर, बर्फ नको. आणि उद्या तुझ्या आईला घेऊन ये, ही पाटी तिला मोठ्याने वाचून दाखव.”

संध्याकाळी तो शिडीवर चढून पाटी खरवडत होता. तेव्हापासून ‘मोत्यांचा चहा’. कोणी बोबा मागितला की तो खेकसतो, “मोठे मोती म्हणा, जीभ झडत नाही!”

बाई मग रोज यायच्या. चहा हातात घेऊन मोती चावायच्या आणि परीक्षेचा पेपर तपासावा तशी मान हलवायच्या. शिजवलेले मोती काही तासांत आतून कडक होतात, म्हणून रात्री उरलेले तो फेकून द्यायचा. बाई म्हणायच्या, “ह्या गल्लीत शिळं न विकणारा हा एकच.” हे वाक्य त्याने मला किती वेळा ऐकवलं असेल! विशेषतः माझं कालचं सूप उकळत असताना.

गेल्या वर्षी बाई गेल्या. वर्षश्राद्धाच्या सकाळी त्यांची मुलगी ली-युन टपरी उघडायच्या आतच आली. “काका, आईचा चहा. भटजी येऊन बसलेत.”

ताजे मोती शिजून मुरायला तासभर तरी हवा. आदल्या रात्री देवळाची पालखी होती, त्या गडबडीत उरलेले मोती फेकायचे राहून गेले होते. आ-वांगने ते गरम पाण्यातून काढले, गुळाच्या पाकात घोळले. चकाकायला लागले लगेच.

“कालचे?” मी कुजबुजले. “बाईंना?”

“फोटोला दात असतात होय?” तो म्हणाला आणि पेल्यावर झाकण चिकटवलं.

दुपारी आम्हा दोघांनाही जेवायला बोलावलं होतं. फोटोपुढे मासा, कोंबडी, लाल केक आणि नळी खोचलेला तो पेला. वाढलेलं उचलायच्या आधी मृताला विचारायचं, जेवण झालं का? लाकडाच्या चंद्रकोरी जमिनीवर टाकायच्या. एक उताणी, एक पालथी पडली की होय. दोन्ही पालथ्या, म्हणजे अजून नाही. दोन्ही उताण्या, म्हणजे समोरचा हसतोय.

ली-युनने टाकल्या. नाही. थोड्या वेळाने पुन्हा. नाही. पाहुणे भुकेले झाले. पुन्हा नाही.

बाईंचा धाकटा भाऊ ओरडला, “ताई, अगं काय चघळत बसलीस एवढं!”

घर हसलं. आ-वांगचे कान बीटासारखे झाले. मी मुद्दाम त्याच्याकडे बघितलं. त्याने नजर फरशीवर लावली होती.

तेवढ्यात ली-युन त्याच्याजवळ आली. “काका, आमचंच चुकलं. तुमचा चहा किती वेळ ताटकळत ठेवला. आतले मोती दगड झाले असतील. आई असती तर आम्हालाच बोलली असती. माफ करा हं.”

गप्प बसला असता तर कोणाला काही कळलं नसतं. सकाळी ताजे दिले असते तरी ते एव्हाना कडकच झाले असते. तो मात्र तडक टपरीकडे निघून गेला. जेवण तसंच थांबलं. तासाभराने तो घामाघूम होऊन परत आला, हातात वाफाळता पेला.

जुना पेला उचलून त्याने नवा ठेवला आणि फोटोकडे बघून सगळ्यांसमोर बोलला. “बाई, सकाळी तुम्हाला कालचे मोती दिले. आता तुम्ही कुठे चावणार, असं मनात आलं. ह्यांचं काही चुकलं नाही. मला लाज वाटते.”

ली-युनने चंद्रकोरी त्याच्या हातात दिल्या. त्याने टाकल्या कसल्या, हातातून सुटल्याच.

दोन्ही उताण्या.

“हसली! ताई हसली!” बाईंचा भाऊ टाळ्या पिटायला लागला, आणि सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. आ-वांगचा नाही. तो गुडघ्यांवर बसून फोटोतल्या त्या करड्या चेहऱ्याकडे बघत राहिला.

“हसू नका हो बाई,” तो म्हणाला. “रागवा.”