गोदामावशींनी वाचलेला कागद

हे मी कधीच कुणाला सांगितलं नव्हतं. नवऱ्याला नाही, सख्ख्या बहिणीला नाही. सात वर्षं पोटात ठेवलं. गेल्या महिन्यात जिला सगळ्यात आधी सांगायला हवं होतं तिला सांगून झालं, म्हणून आता तुमच्याशी बोलायला जीभ उचलतेय. खरं सांगू? फार मोकळं वाटतंय. मोकळं वाटतंय याची लाजही वाटते – पण वाटतंय, काय करू?

मी कान्ह्याजवळच्या एका कारखान्यात केमिस्ट. आमच्या लॅबमध्ये ओतकामाची वाळू तपासतात. या पट्ट्यात मला लोक ओळखतात ते एकाच गोष्टीसाठी – कुठल्या रसायनाची खात्रीची माहिती कुठे मिळेल, ते मॅडमना विचारा. तळेगावातल्या लॅबमधूनही फोन येतात. मी ऐटीत सांगते – नेटवर पहिलं दिसेल ते उचलू नका, माल ज्याच्याकडून घेतलाय त्याचंच माहितीपत्रक मागा, त्यावरची तारीख बघा, प्रथमोपचाराचा भाग आधी वाचा. सुरक्षा सप्ताहात स्टेजवरून हेच बोलते. टाळ्या पडतात. त्या टाळ्या घेताना माझं मलाच कसं होत असेल, विचारा. सुरुवातीला व्हायचं. मग सवय झाली.

आता मावशींचं सांगते. गोदामावशी मळवलीच्या. आमच्याकडे लॅबची भांडी धुवायच्या. लहानपणी शाळेचं तोंड पाहिलेलं नाही. चाळिशी उलटल्यावर गावातल्या प्रौढांच्या वर्गात वाचायला शिकल्या. मग काय – बिस्किटाचा पुडा, भिंतीवरची पाटी, जुनं वर्तमानपत्र, दिसेल ते मोठ्यांदा वाचणार. आम्ही चिडवायचो, मावशी, आता बातम्याच द्यायला लागा. "हसा तुमी. मला लय ग्वाड वाटतं," म्हणायच्या.

लॅबमध्ये आमची एक पद्धत होती. रसायनाचं मूळ पत्रक इंग्रजीत, चौदा-पंधरा पानांचं; ते कोण वाचणार? म्हणून त्यातलं मुख्य काढून मी एका पानावर मराठीत लिहायची. तो कागद भिंतीला लागायचा आणि रजिस्टरमध्ये प्रत्येकाने 'वाचले, समजले' असं लिहून सही करायची. बाकीचे चहा पिता पिता सही ठोकायचे. वाचून सही करणाऱ्या एकट्या मावशी.

एकदा हायड्रोफ्लोरिक ॲसिड नव्याने आलं. दुसऱ्या दिवशी ऑडिट. पुरवठादाराचं पत्रक माझ्या मेलमध्ये येऊन पडलेलं – हे लक्षात ठेवा, येऊन पडलेलं. मी ते उघडलं नाही. कंटाळा आला, बस. सल्फ्युरिकचा जुना कागद काढला, वरचं नाव बदललं, तारीख टाकली आणि लावून दिला. ॲसिड ते ॲसिड, असं स्वतःशी म्हटलं. एमएस्सी झालेली बाई मी. ऑडिटरने फाइल बघून माझं कौतुक केलं.

तुम्हाला माहीत नसेल तर सांगते. हे ॲसिड पातळ असलं तर लागल्या लागल्या दुखत नाही. गुपचूप आत जातं, तासांनी कळा सुरू होतात, आणि तोवर आतलं बिघडलेलं असतं. म्हणून दुखो न दुखो, धुवून लगेच कॅल्शियमचं खास जेल लावायचं आणि सरळ दवाखाना गाठायचा. पत्रकात हे पहिल्या दोन-तीन पानांतच होतं. माझ्या कागदावर नव्हतं. आणि ते जेल लॅबमध्ये आणून ठेवायला हवं, हे तरी मला कुठून कळणार होतं?

दोन महिन्यांनी मावशींच्या हातमोज्याला भोक पडलं. डाव्या हाताच्या मधल्या बोटाला ॲसिड लागलं. त्यांनी कागदात होतं तसं केलं – घड्याळ लावून पंधरा मिनिटं बोट नळाखाली धरलं. दुखेना, म्हणून कामाला लागल्या. दुसऱ्या दिवशी दवाखान्यातून फोन आला. बोटाचं एक पेर काढावं लागलं.

फोन ठेवला आणि मी काय केलं? दवाखान्यात गेले? नाही. मेल उघडली. त्या दिवशी मला मुळीच कंटाळा आला नाही. अर्ध्या तासात खरा कागद मराठीत लिहिला, खाली जुनीच तारीख टाकली, भिंतीवर लावला, आणि आधीचा बारीक फाडून फ्लशमध्ये टाकला. कॉम्प्युटरवरूनही पुसला.

चौकशी झाली. मॅनेजरसाहेबांच्या केबिनमध्ये मावशी बोटाला पट्टी बांधून उभ्या. कागदात जेवढं लिहिलं होतं तेवढं केलं, म्हणाल्या. साहेबांनी भिंतीवरचा कागद काढून त्यांच्यापुढे धरला – दुखत नसले तरी लगेच दवाखान्यात जावे. आणि रजिस्टरमध्ये त्यांची सही. मावशींनी तो कागद दोनदा वाचला. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. एवढंच म्हणाल्या, "मग म्याच चुकीचं वाचलं आसंल."

मी तिथेच होते. हातभर अंतरावर. गप्प राहिले.

अहवालात 'कामगाराचा निष्काळजीपणा' असं लागलं. मावशींना झाडलोटीला टाकलं, आणि वर्षभरात त्या काम सोडून गेल्या. मला सुरक्षा समितीवर घेतलं.

गेल्या महिन्यात मळवलीला ओळखीच्यांच्या बंगल्यावर गेले होते. वाटेत मावशींचं घर. त्यांनी हाक मारून बसवलं, चहा टाकला. मग भातावर मारायच्या औषधाची बाटली माझ्या हातात दिली आणि म्हणाल्या, "ताई, वाचून दावा किती घालायचं ते." बाटलीवर ठळक मराठीत लिहिलेलं होतं. मी म्हटलं, मावशी, तुम्हाला येतं की वाचता. तर म्हणाल्या, "न्हाई ओ. माज्या वाचण्याचं काय खरं न्हाई. त्या बोटापास्नं सोडलं मी ते."

बोटाचं मी सात वर्षं कसंतरी पचवलं होतं. हे नाही पचलं. त्या बाईला सगळ्यात गोड वाटणारी गोष्ट मी तिच्याकडून काढून घेतली होती. तिथेच, ओट्यावर, मी सगळं सांगितलं. कंटाळा, सल्फ्युरिक, फाडलेला कागद, सगळं. रडले नाही. रडायचा मान माझा नव्हता.

मावशींनी ती बाटली माझ्या हातातून काढून घेतली. मग म्हणाल्या, "ह्ये त्या सायबाम्होरं बोला." बास.

सोमवारी आम्ही दोघी त्याच केबिनमध्ये गेलो. माझा लेखी जबाब मी टेबलावर ठेवला. समितीवरून मला त्याच दिवशी काढलं. नोकरीचं काय ते ठरायचंय. ठरेल ते ठरेल. साहेबांना आधी मात्र पटेना. पहिला कागद होता याला पुरावा काय, त्यावर नक्की होतं काय, असं मला विचारू लागले. सल्फ्युरिकचा तो जुना कागदही मधल्या वर्षांत बदलला गेला होता, आणि मला शब्द आठवेनात.

मावशींनी पदर खांद्यावर घेतला आणि माझ्याच पुस्तकी मराठीत, न अडखळता म्हणून दाखवलं – "जागा भरपूर पाण्याने पंधरा मिनिटे धुवावी. कोरड्या कापडाने टिपून घ्यावी. जळजळ राहिल्यास डॉक्टरांना दाखवावे." आपलं कुठे चुकलं ते शोधत सात वर्षं त्यांनी ते मनात किती वेळा वाचलं असेल?

साहेबांनी मला विचारलं, हेच होतं का.

शब्द न् शब्द हाच, मी म्हटलं. यांनी बरोबर वाचलं होतं.