शेवटून मोजणारे साडभाऊ

चालत्या वस्तूला हात लावणारा माणूस माझ्या थोरल्या साडभाऊंच्या मते निव्वळ उपद्रवी. आलापल्लीला त्यांच्या घरचा पंखा, रेडिओ, फोन सगळं इतकं जुनं, की दुरुस्त करणारेच निवृत्त झाले. यांचा जन्म लाकूड डेपोत गेला. सागाच्या थप्प्या ते कायम मागच्या टोकाकडून मोजत. पुढून मोजलं की पाठीमागे कोणी ओंडका सरकवतो, हा ठाम समज. ती सवय इतकी मुरली, की लग्नाच्या पंगतीतही ते शेवटच्या माणसापासून वाढत येतात आणि नवरदेव भाताची वाट बघत बसतो.

निवृत्तीनंतर हा गृहस्थ प्रोग्रामिंग शिकला, तेही लेकीसाठी. ती भामरागडच्या पलीकडे नर्स आहे. पावसाळ्यात पुलावर पाणी चढलं की रस्ता बंद. तिने रोज सकाळी पुलाची खबर टाकावी आणि ती सगळ्यांना दिसावी, एवढंच करणारं अ‍ॅप त्यांनी बनवलं. अडलेल्या बायांना दवाखान्यात नेणारे जीपवाले ते बघूनच निघतात.

यंदा मृगाच्या तोंडावर जीपवाल्यांच्या नव्या फोनांवर ते उघडेना. म्हणून त्यातली नकाशाची लायब्ररी, म्हणजे दुसऱ्यांनी लिहिलेला तयार कोड, नवी घेतली, तर अ‍ॅप पुन्हा तयार, म्हणजे बिल्ड, करताना एकशे चाळीस एरर. साडभाऊंनी दारामागे खडूने आकडे मांडले आणि शेवटच्या एररपासून सुरुवात केली. दहा मिटवल्या की पंधरा उगवायच्या. आठ दिवसांनी त्यांनी मला बोलावलं. मी चंद्रपुरात कॉम्प्युटर शिकवतो. मी स्क्रीन वर सरकवली. पहिल्याच ओळीत लिहिलं होतं, की या लायब्ररीला नवा कंपायलर, म्हणजे कोडचं अ‍ॅप करून देणारा प्रोग्राम, लागतो, तुमचा जुना आहे. बाकीचा सगळा गोंधळ त्यातूनच झालेला.

ही ओळ वाचली कशी नाही, असं मी विचारलं.

"पुढून मोजाची सवयच नाई मले," ते ओशाळून म्हणाले.

कंपायलर बदलायचा म्हणताच त्यांचा चेहरा पडला. त्यात मला हेही सांगावं लागलं, की नवं अ‍ॅप त्यांच्या स्वतःच्या जुन्या फोनवर चालणार नाही. ते उठून दारामागच्या आकड्यांपाशी गेले. मग फडकं घेऊन पुसायला लागले.

"पोरीच्या फोनवर चालते ना? मंग बदलव."

फोन मात्र त्यांनी बदलला नाही, कारण तो चालतो. त्यामुळे रोज सकाळी मला त्यांचा कॉल येतो आणि लेकीने काय लिहिलंय ते मी वाचून दाखवतो. पूल मोकळा असला तरी ते पुन्हा एकदा वाचायला लावतात. पावसाळा सरला की हे कॉल थांबतील, याचं मला आत्तापासूनच वाईट वाटतंय.