शेळ्यांच्या माथी मारलेले कडुनिंब

नव्वदच्या दशकात आम्ही गंगापूर रोडच्या आतल्या बाजूला राहायला आलो, तेव्हा कॉलनीत सावली म्हणून नव्हती. नुसता मुरूम. पलीकडे मोगऱ्याची शेती होती. संध्याकाळी वारा सुटला की वास थेट स्वयंपाकघरापर्यंत यायचा.

एका पावसाळ्यात कॉलनीतल्या सगळ्यांनी मिळून रस्त्याच्या दोन्ही बाजूंना लावायला रोपवाटिकेतून कडुनिंबाची रोपं आणली. रविवार होता, कुणाकडून तरी गरम भजी आली होती. आमच्या बाजूची रांग माझ्याकडे होती. काळ्या पिशव्या काढायच्या का, असं बायकोनं विचारलं. मुळांची माती सुटेल, म्हणून मी पिशवीसकट रोपं लावायला लावली.

वर्षभर भांडी धुतलेलं पाणी घातलं. तरी उन्हाळ्यात आमची रांग वाळली, समोरची हिरवीगार. कॉलनीच्या बैठकीत मी ठासून सांगितलं की पलीकडच्या मोगरेवाल्या मावशींच्या शेळ्यांनी झाडं खाल्ली. मावशींना बोलावलं.

"समोरची झाडं काय जास्त कडू हायेत का, दादा?" त्या म्हणाल्या. सगळे हसले. पण कॉलनीच्या दबावापुढे मावशींना शेळ्या विकाव्या लागल्याच.

पुढच्या पावसाळ्यात नवी रोपं लावायला मी खड्डा उकरला. आत पिशवी अख्खी होती, मुळं तिच्यातच गोल गोल फिरून वाळलेली. आजूबाजूला कुणी नाही असं पाहून मी ती कचऱ्यात टाकली. या वेळी पिशव्या फाडून रोपं लावली.

ती झाडं काय वाढली! चैत्रात रस्ताभर बारीक पांढरा मोहोर पडायचा. पाडव्याचा पाला कॉलनी तिथूनच न्यायची. शेतीचे प्लॉट पडल्यावर मावशी त्याच सावलीत गजरे विकायला बसू लागल्या. मी रोज बायकोसाठी गजरा घ्यायचो आणि त्या म्हणायच्या, "शेळ्या गेल्या आन् झाडं वाढली. तुमचंच खरं निघालं."

हे मी कित्येक वर्षं ऐकून घेतलं. शेवटी एका संध्याकाळी त्यांच्याशेजारी बसून पिशवीचं सगळं सांगितलं. त्यांचे हात दोऱ्यावर थांबले.

"मंग माझ्या पोरीला सांगा," त्या म्हणाल्या. "शेळ्या तिच्याकडं होत्या. त्या बैठकीच्या दिशी लय मारलं मी तिला."

मुलगी निफाडला दिलेली. जाऊन सांगतो म्हणालो, पण तिच्या दारात उभं राहायचा धीर मला झाला नाही. आता मावशी नाहीत. ही लिहिलेली पानं मी तिच्याकडे पाठवणार आहे. त्या शेळ्यांनी चार पानं खाल्ली असतील. झाडं माझ्यामुळे मेली. तिनं शेळ्या नीट राखल्या होत्या.