पाय घासत चाला

फोन आला तेव्हा मी नानांच्या खोलीतल्या खिडकीच्या फटींना कागदाच्या पट्ट्या चिकटवत होते. नाना म्हणजे माझे वडील. थंडी पडली की त्यांचा दमा उसळायचा. यंदा तरी त्यांनी गाव सोडून नाशिकला आमच्याकडं राहायला यावं म्हणून मी दिवाळीपासून मागं लागले होते, आणि "बरं बाई, सोमवारी येतो" असं ते शेवटी म्हणाले होते. फोनवर धाकटा भाऊ किरण होता. "ताई, सोमवारची गाडी नको आता सांगू," एवढंच म्हणाला. सकाळी चहा घेऊन नाना बाजेवर टेकले, ते टेकलेलेच राहिले. मी फोन ठेवला आणि हातातली पट्टी पूर्ण चिकटवली... हातात घेतलेलं अर्धवट सोडायचं नाही, ही सवय त्यांचीच.

विंचूरच्या पुढं आमचा मळा आहे, थोडी द्राक्षं, बाकी कांदा, आणि तो साठवायची लांब चाळ. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढणारी मी पहिली. बी.एस्सी. झाले, आज शाळेत विज्ञान शिकवते. हे मी मिरवून सांगते, कारण ते मिरवण्यासारखंच आहे. नानांनी मात्र ते कधी मिरवलं नाही. माझा निकाल लागला तेव्हा गावात पेढे वाटले ते आजोबांनी. नाना मोटार चालू करायचं निमित्त काढून विहिरीकडं निघून गेले. कडक नव्हते, मारकुटे तर अजिबात नव्हते. पण या माणसानं मला कधी कडेवर घेतल्याचं, जवळ ओढल्याचं मला आठवत नव्हतं, आणि त्याचा एक बारीक काटा माझ्या मनात मोठेपणीही राहिला होता.

तीन हिवाळ्यांपूर्वी निफाडकडं अशी थंडी पडली की द्राक्षं गारठू नयेत म्हणून बागांमधून जागोजागी शेकोट्या पेटल्या. थंडी आणि धूर, दोन्हींनी नानांची छाती धरली. डॉक्टरांनी सांगितलं, ऊन तापेपर्यंत यांना मळ्यात पाठवू नका. आम्ही त्यांना आणलं. पण फ्लॅटमध्ये ते नुसते येरझारा घालायचे. "नळ सोडला की पाणी, बटण दाबलं की उजेड. मग माणसानं करायचं काय इथं?" एक दिवस औषधाची पिशवी गावी राहिली म्हणून गेले आणि दिवेलागणीला काळीपिवळीतून परतले. कानाला मफलर, आणि स्वेटर छातीवर हलतोय.

"काय आणलंत नाना?"

"हळू बोल. झोपलंय."

गळ्याशी एक पिवळट डोकं वर आलं. राजहंसाचं पिल्लू. मळ्यात साप फिरकू नयेत, परकं माणूस आलं की कळावं, म्हणून आमच्याकडं राजहंस पाळलेले. बाकीची अंडी फुटली, मादी ती पिल्लं घेऊन चरायला गेली, आणि हे मागाहून फुटलेलं तसंच गारठ्यात पडून होतं. "किरण म्हणतो, जगायचं नाय. म्हणलं, बघू." माझे यजमान दिलीप शांत माणूस, पण तेही म्हणाले, "अहो नाना, हे दुसऱ्या मजल्यावर?"

"मग काय पहिल्यावर ठेवू? तिथं दुसऱ्याचं घर हाय."

आणि मग नानांनी आपली अट सांगून टाकली. "पंख फुटले की घेऊन जातो याला. मीबी जातो." मी मनातल्या मनात हिशोब केला. पंख फुटेपर्यंत थंडी सरली असती. पिल्लू मेलं तर मात्र नाना दुसऱ्या दिवशी गाडीत बसले असते, त्या धुरात, त्या गारठ्यात. ते पिल्लू जगणं ही त्या दिवसापासून माझी गरज झाली.

द्राक्षाच्या कॅरेटमध्ये गोणपाट घालून वर बल्ब टांगला. आता सगळीकडं एलईडी, त्याला ऊब नाही. जुना पिवळा बल्ब शोधायला दिलीप भद्रकालीपर्यंत हिंडून आले. फरशीवर पिल्लाचे पाय फाकायला लागले, तर नानांनी आईच्या हातची गोधडी अंथरली. भिजवलेली बाजरीची कणी, बारीक चिरलेली कोथिंबीर. आमच्या भाजीत कोथिंबीर नसायची, त्याच्या वाटीत असायची. नर की मादी कुणालाच कळेना, पण नानांनी नाव ठेवलं ठमी. नाना स्वयंपाकघरात तर ठमी तिथं, नाना देवापुढं तर ठमी तिथं. कुणाच्या पायाखाली येईल याचा नेम नाही, म्हणून घरात नियम झाला. "पाय उचलायचा नाय. घासत चाला." ऑफिसला निघालेले दिलीपसुद्धा दारापर्यंत सपाता घासत जायचे आणि नाना बाजूनं ओरडायचे, "जावईबापू, टाच टेकवा!"

एका सकाळी नाना म्हणाले, पाण्याचा पक्षी, त्याला पाण्याबिगर कसं करमंल? मलाही पटलं. पितळी परातीत कोमट पाणी भरून ठमीला सोडलं. काय ती खुशी! पण बाहेर काढलं तर अंगावरचा कापूस सगळा भिजून चिकटलेला, मान लुळी. या पिल्लांच्या अंगाला आईच्या पंखांचं तेल लागतं, तेव्हा पाणी निथळतं, हे आम्हाला मागाहून कळलं. नानांनी तिला बनियनच्या आत छातीशी धरलं. मी केस वाळवायचा ड्रायर आणून लांबून गळ्याशी धरला. त्या वाऱ्यानं नानांना खोकला सुटला, तरी ते बाजूला होईनात. खोकता खोकता तिच्याशी बोलत होते, "ये गं माझी बाय... डोळं उघड... ये गं." तो आवाज मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकत होते. तोंडातून निघूनच गेलं, "नाना, मला असं घेतलं होतं का हो कधी?"

त्यांनी माझ्याकडं पाहिलं नाही. "तुझा आजा ओट्यावर बसलेला असायचा."

तेवढ्यावरून मला समजलं. आमच्याकडं तेव्हा रीतच होती. आपल्या वडीलधाऱ्यांसमोर बापानं स्वतःचं लेकरू उचलायचं नाही, त्याचं कोडकौतुक करायचं नाही, ते निलाजरेपणाचं. आणि आमच्या घरात वडीलधारं माणूस कायम कुठं ना कुठं बसलेलं असायचंच. ठमीला छातीशी नीट सरकवत तेच म्हणाले, "चाळीमागं घ्यायचो. कांद्याच्या. तुझी आई भाकरीसंगं तुला मळ्यात आणायची ना, तवा. कोण बघत नाय हे बघून." मग म्हणाले, "लय जड होतीस."

बनियनच्या आतून बारीक चिवचिव आली. "जगली गं," नाना म्हणाले. मी ड्रायर उगाच आणखी थोडा वेळ तसाच धरून ठेवला.

त्यानंतर रोज सकाळी नाना ठमीचे पंख चाचपायचे. "आली बघ, पिसं आली!" त्यांना आनंद, आणि मी थंडीचे उरलेले दिवस मोजायचे. संक्रांत गेली, महाशिवरात्र जवळ आली, ऊन तापायला लागलं. "झाली आता मोठी," म्हणत एका सकाळी ते पाटीत ठमीला बसवून गावी गेले. पुढच्या दोन्ही हिवाळ्यांत बोलावलं तर म्हणायचे, "आता काय काम हाय तिथं?" मी म्हणायचे, मी आहे ना. "तुला फुटलेत की पंख, कवाच!" यंदा छाती जास्तच भरली तेव्हा कुठं तो सोमवार कबूल केला होता...

दशक्रियेला मळ्यात गेले. ठमी आता चांगली थोराड झाली आहे, बाजेपाशी उभी राहून येईल त्याच्या धोतराला चोच मारत होती. मी एकटीच कांद्याच्या चाळीमागं जाऊन आले. तिथं काही नाही. वाळलेली पात, एक मोडकं कॅरेट. उभी राहिले थोडा वेळ. परत आल्यावर भावजय म्हणाली, "ताई, पाय दुखतात का? घासत चालताय." माझ्या ते लक्षातही आलं नव्हतं. नाही दुखत, म्हटलं.

आता थंडी आणखी वाढली आहे. खिडकीच्या पट्ट्या तशाच आहेत, खोलीत कुणी नाही. काल पहाटे चहा ठेवायला उठले. दिवा न लावता स्वयंपाकघराकडं निघाले, पाय न उचलता. मागून दिलीपच्या सपाता वाजल्या, फरशीवर घासत, टाच न उचलता. मी वळून पाहिलं नाही. आम्ही दोघं तसेच, जपून, ओट्यापर्यंत गेलो.