कोऱ्या चिठ्ठ्यांचा दिवस

आमच्या कॉलनीच्या व्याख्यानमालेला प्रवेश फुकट होता, खुर्ची मात्र ज्याची त्याने आणायची. गारखेड्यातल्या आमच्या गल्लीच्या टोकाला पाण्याच्या टाकीखाली मोकळी जागा आहे. जानेवारीत पाच दिवस, संध्याकाळी सहा ते साडेसात, तिथं व्याख्यानं व्हायची. मंडपवाल्याकडून फक्त स्टेज, माईक आणि चार ट्यूबलाइट यायच्या. खुर्च्या घरोघरच्या. त्या एकमेकींत मिसळू नयेत म्हणून प्रत्येक खुर्चीच्या पाठीवर नेलपॉलिशनं घराचा नंबर लिहिलेला असायचा. आमचा एकतीस, गडद मरून रंगात. आईचं नेलपॉलिश त्या कामाखेरीज कधी उघडलं गेल्याचं मला आठवत नाही.

दुपारी चारलाच लोक खुर्च्या आणून पुढच्या रांगा धरून ठेवत. त्यामुळे सहा वाजता नेमकं कोण आलं नाही, हे साऱ्या गल्लीला दिसायचं. बावीस नंबरच्या काकूंच्या खुर्चीवर पाच मिनिटं कुणी बसलं नाही, तर मागून आवाज यायचा, "अहो, फोन लावा त्यांना, झोप लागली असंल."

ही व्याख्यानमाला सरांची. सर म्हणजे मराठी शाळेतून निवृत्त झालेले आमच्या समोरच्या घरातले शिक्षक. गल्लीतल्या निम्म्या लोकांना त्यांनी शिकवलेलं नव्हतं, पण सगळेच त्यांना सर म्हणायचे. मी इंग्रजी शाळेतली. आमच्याकडे मराठीचा तास आठवड्यातून चारदा, आणि त्यातही बाई रागवायच्या इंग्रजीत. तरी सरांनी मला कॉलेजच्या पहिल्या वर्षी वक्त्यांचा परिचय करून द्यायला उभं केलं होतं. वक्त्यांच्या जन्मसालात एकोणसाठ होतं. मी आधी एकोणपन्नास म्हणाले, मग एकोणसत्तर, मग सरळ "फिफ्टी नाइन" म्हणून खाली बसले. वक्ते हसत म्हणाले, "मधलं धरा, हरकत नाही." पुढं दोन वर्षं मी परिचयाला नाही म्हणत राहिले.

मग सरांनी मला प्रश्नांचा डबा दिला. व्याख्यानानंतर श्रोत्यांनी चिठ्ठीवर प्रश्न लिहून या स्टीलच्या डब्यात टाकायचा, नाव घालायचं नाही, आणि मी स्टेजवर बसून तो वाचायचा. कोऱ्या चिठ्ठ्या जुन्या लग्नपत्रिकांच्या मागच्या बाजूच्या. आतल्या पातळ पानांच्याही चालायच्या. त्या सरच कापायचे आणि घडी घालून डब्यातच ठेवायचे. कार्यक्रमानंतर सगळ्या चिठ्ठ्या त्यांच्याकडे द्यायच्या. ते त्या एका जाड वहीत तारीख घालून चिकटवत. हे काम मला आवडलं. प्रश्न दुसऱ्याचा, उत्तर तिसऱ्याचं, मी मधल्यामध्ये.

मी सांगतेय त्या वर्षी मात्र डिसेंबरातच कुरबुर सुरू झाली होती. सरांच्या ओट्यावर बैठक होती आणि मी चहाचे कप गोळा करत होते. चौदा नंबरचे काका, ज्यांचं क्रांती चौकात हार्डवेअरचं दुकान आहे, ते म्हणाले, "सर, राग मानू नका. लोक येत्यात, बसत्यात, मोबाइल बघत्यात, जात्यात. कुणाला एक प्रश्न पडत नाय. त्यापेक्षा एकच दिवस ऑर्केस्ट्रा ठेवू. लई गर्दी होईल."

"प्रश्न पडत नाही असं कसं म्हणता?" सर म्हणाले.

"मागच्या साली शेवटच्या दिवशी डबा रिकामाच होता. विचारा हिला."

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी कपांकडे पाहिलं.

सरांनी थोडा वेळ चष्मा पुसला. "ठीक आहे. यंदा एक दिवस जरी प्रश्नांशिवाय गेला, तर पुढच्या वर्षी व्याख्यानं बंद. ऑर्केस्ट्रा ठेवा. मी स्वतः पुढच्या रांगेत बसेन."

"लिहून देता का?" काका म्हणाले आणि बाकीचे हसले. सर हसले नाहीत. सोळा वर्षं चाललेली गोष्ट त्यांनी एका डब्यावर लावली होती, आणि डबा माझ्या हातात होता.

पहिला दिवस सोपा गेला. डॉक्टर आले होते. गुडघे, शुगर, रात्रीचं जेवण, सकाळचं चालणं. डब्याचं झाकण बसेना इतक्या चिठ्ठ्या आल्या. एकीवर तर "तपासणी इथंच करणार का" असंही होतं.

दुसऱ्या दिवशी खुलताबादच्या वाटेवरच्या कागजीपुऱ्याहून हातकागद बनवणारे एक चाचा यायचे होते. त्याच दिवशी गल्लीत दोन लग्नं निघाली. दुपारी चारला खुर्च्या नेहमीसारख्या आल्या, कारण जागा सोडायला कुणी तयार नव्हतं. सहा वाजता मी स्टेजवरून पाहिलं तेव्हा समोर साठेक नंबर होते आणि माणसं वीस. चाचांनी पांढरा सदरा घातला होता आणि मांडीवर एक फुगलेली कापडी पिशवी घट्ट धरली होती. त्यांनी मला हळूच विचारलं, "बाकीचे लोक येणार ना, बेटा?"

"खुर्च्या आल्यात," मी म्हणाले. 

परिचय झाला. चाचा उभे राहिले आणि माईकपासून लांब, मान खाली घालून बोलू लागले. चिंध्यांचा लगदा करतात, तो हौदात सोडतात, जाळीनं उचलतात, वाळवतात, दगडानं घोटतात. "आमच्या बापदाद्यांपासून हेच चालू हाय," ते म्हणाले, "आणि मेहरबानी, तुम्ही बोलावलं." घड्याळात सहा वाजून बावीस मिनिटं झाली होती. भाषण अकरा मिनिटांत संपलं.

डबा समोर फिरून परत आला. मी उघडला. आत एकच लिहिलेली चिठ्ठी होती: "टाकीजवळची पांढरी ॲक्टिव्हा काढा." बाकी सगळ्या कोऱ्या, सकाळी ठेवल्या तशाच.

ॲक्टिव्हाचं मी सांगितलं. एक काका उठून गेले, म्हणजे राहिले एकोणीस. तिसऱ्या रांगेत चौदा नंबरचे काका हाताची घडी घालून बसले होते. लग्नाला न जाता ते बहुधा याचसाठी आले होते. सर स्टेजच्या पायरीपाशी उभे होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. ते चाचांकडे पाहत होते, आणि चाचा पिशवीचे बंद सोडत आणि पुन्हा बांधत होते.

मी डब्यातून एक चिठ्ठी घेतली, उलगडली आणि वाचली.

"बिघडलेल्या कागदाचं तुम्ही काय करता?"

चिठ्ठी कोरी होती. प्रश्न मला भाषणाच्या चौथ्या मिनिटाला पडला होता. मला भाषणांत नेहमीच प्रश्न पडतात. ते मी घरी नेते आणि ते तिथंच राहतात.

चाचांनी मान वर केली. "बिघडलेला? तो परत हौदात. त्याच पाण्यात घोळायचा, लगदा होतो. कागदाचं बरं असतंय. किती पण वेळा चुकला तरी त्याला पयल्यापासून चालू करता येतं." मग ते पहिल्यांदाच हसले. "माणूस असता तर त्याला कामावरून काढला असता."

लोक हसले. एकोणीसच, पण मोकळेपणानं हसले.

मी दुसरी कोरी चिठ्ठी उलगडली. "जाळी पाण्यातून नेमकी कधी उचलायची, हे कसं कळतं?"

"ते सांगता नाय येणार," चाचा म्हणाले. हात हवेत दोनदा हलवून त्यांनी पाहिलं, आणि मग जरा लाजत विचारलं, "दाखवलं तर चालंल का? सामान आणलंय मी. पण व्याख्यान म्हणजे नुसतं बोलायचं असतं, असं मला वाटलं."

पिशवीतून बारीक काड्यांची जाळी निघाली, आणि लोणच्याची एक मोठी बरणी, तिच्यात पांढरा ओला लगदा. तीन नंबरच्या काकूंनी घरातून कपडे भिजवायचा निळा टब आणला. टाकीचा नळ तिथंच होता. चाचांनी बाह्या सारल्या, लगदा पाण्यात सोडून हातानं ढवळला, जाळी आडवी बुडवली आणि एका झटक्यात वर काढली. पाणी गळून गेलं आणि जाळीवर साईसारखा एक थर राहिला. आता त्यांचा आवाज मागं रस्त्यापर्यंत जात होता आणि माईक स्टेजवर एकटाच उभा होता. माणसं खुर्च्या सोडून टबाभोवती जमली. लग्नाहून परतणारे लोकही थांबले. जरीच्या साड्या सावरत बायका वाकून बघत होत्या.

"सरका की थोडं, आम्हाला पण दिसू द्या."

"तुम्ही जेवून आलात, आता बघायला पण पुढं?"

ओला कागद चाचांनी टाकीच्या भिंतीवर चिकटवला आणि तळव्यानं थोपटला. "परवापर्यंत राहू द्या. कुणी हात लावू नका."

गर्दी परत बसली, मिळेल त्या नंबरच्या खुर्चीवर. सर मला म्हणाले, "अजून काही आहे का?" मी तिसरी चिठ्ठी उलगडली आणि वाचून झाल्यावर माझी मलाच भीती वाटली, कारण एरवी असं मी कुणालाही विचारलं नसतं.

"तुम्ही स्वतः या कागदावर कधी काही लिहिलंत का?"

चाचांनी ओले हात सदऱ्याला पुसले. "एकदा. पोरीच्या निकाहची पत्रिका. दोनशे कागद मी घोटले, पण लिहिली फक्त एक, पयली, माझ्या भावाला द्यायची. बाकीच्या छापल्या. कागद बनवणाऱ्याचं अक्षर चांगलं नसतं बेटा, हात ओला राहतो कायम."

टाळ्या वाजल्या. चाचा माझ्या शेजारी येऊन बसले आणि माझ्या हातातल्या चिठ्ठीकडे पाहत हळू आवाजात म्हणाले, "पुढच्या वेळी कागद लाइटीसमोर नका धरू. मला आरपार बघायची सवय हाय."

माझे कान गरम झाले होते. त्यांनी माझ्या हातातून चिठ्ठी घेऊन दोन बोटांत चोळून पाहिली आणि म्हणाले, "मिलचा हाय. हलका."

कार्यक्रम संपल्यावर खुर्च्या शोधताना बावीस नंबरच्या काकूंनी विचारलं, "तो बिघडलेल्या कागदाचा प्रश्न कुणाचा होता हो? छान होता."

काकूंनी आजूबाजूला पाहिलं. मग चौदा नंबरचे काका आपली खुर्ची उचलत म्हणाले, "असंल कुणाचा तरी." आणि चार पावलं गेल्यावर, "आपलाच होता तसा."

मी एकतीस नंबर शोधत राहिले.

तिसऱ्या दिवसापासून डबा भरू लागला. गल्लीत चर्चा झाली होती की प्रश्न छान असला तर वक्ता सामान काढून दाखवतो. चौथ्या दिवशी गोदावरीवरच्या धरणाबद्दल बोलायला पैठणहून इंजिनिअर आले, तर एका चिठ्ठीवर "सोबत काय आणले आहे" एवढंच होतं.

मला मात्र दुसऱ्या दिवसाच्या चिठ्ठ्या सरांना द्यायच्या होत्या. ते रोज मागत आणि मी उद्या देते म्हणत होते. खोट्या अक्षरात तीन प्रश्न लिहून द्यावेत असा विचार मी केला, एक लिहूनही पाहिला. तो मलाच खोटा वाटला. मालिका संपल्यावर रविवारी सकाळी बैठक होती. त्याआधी अर्धा तास मी सरांच्या ओट्यावर गेले आणि तीन घड्या घातलेल्या चिठ्ठ्या त्यांच्या हातात दिल्या.

सरांनी एकेक उलगडली. पुढून पाहिली, मागून पाहिली. मागं कुणाच्या तरी विवाहाचा शुभमुहूर्त होता.

"म्हणजे प्रश्न आलेच नव्हते," ते म्हणाले.

"आले होते, सर. चिठ्ठ्यांवर नव्हते."

"कुठं होते?"

 मी ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत राहिले. सरांनी वाट पाहिली आणि त्यांना जे कळायचं ते कळलं.

"तुझे होते," ते म्हणाले. "मग आधी हात का नाही वर केलास?"

"सगळे बघतात, सर."

त्यांनी चष्मा काढला आणि बराच वेळ पुसला. "अट प्रश्नांची होती," शेवटी ते स्वतःशीच बोलल्यासारखे म्हणाले. "चिठ्ठ्यांची नव्हती. आणि तूही या गल्लीतलीच आहेस."

बैठकीला सगळे जमले. चौदा नंबरच्या काकांनी घसा साफ केला. "तर मग ऑर्केस्ट्र्याचं..."

"कागदाचा प्रश्न तुमचा होता ना?" सरांनी विचारलं.

काकांच्या हातातला कप थांबला. "कोण म्हणलं?"

"तुम्हीच म्हणाला होतात," बावीस नंबरच्या काकू म्हणाल्या. "खुर्ची उचलताना."

"व्हय, म्हणजे... पडला होता मला पण."

"ज्यांना असे प्रश्न पडतात तेच व्याख्यानं बंद करा म्हणाले, तर बाकीच्यांनी काय करायचं?"

काकांनी चहा संपवला. "बंद करा असं मी कुठं म्हणलो. चालू द्या. पण सहावा दिवस वाढवा आणि त्या दिवशी गाणी ठेवा. माणसाला गाणं पण लागतं."

"ठेवू," सर म्हणाले. "गाणाऱ्यांनाही प्रश्न विचारू."

बैठक उठल्यावर सरांनी मला थांबवलं. टाकीच्या भिंतीवरून सोललेला चाचांचा कागद त्यांनी वहीत लावला होता, खडबडीत, कडांना वाकडा. त्यावर माझ्या तिन्ही कोऱ्या चिठ्ठ्या चिकटवल्या होत्या. त्यांनी पेन पुढं केलं. "प्रश्न खाली लिही. वहीत विचारणाऱ्याचं अक्षर लागतं. आणि घराचा नंबर टाक."

मी लिहिले. शाई त्या कागदावर थोडी पसरली. शेजारी चौदा नंबरचे काका चपला शोधत वहीकडे तिरकं पाहत होते. मला वाटतं, नंबर पाहण्यासाठीच चपला सापडत नव्हत्या. मी पहिल्या प्रश्नाखाली चौदा लिहिलं. उरलेल्या दोन्हींखाली एकतीस.