उत्तरेची भिंत

रूथ एट्सिटी ही माझ्या आईची धाकटी बहीण. साठ मेंढ्या, एक खोडकर बोकड आणि कुणाला न जुमानणारी जीभ, एवढा तिचा संसार.

ती सत्तरीची असताना तिच्या उन्हाळी कुरणातून सरकारी रस्ता जायचं ठरलं. तिथं अमेरिकेतल्या आमच्या नवाहो लोकांचं फार जुनं घर निघालं, तरच रस्ता वळवणार होते. घर होतं म्हणा. पिन्यन पाइनच्या झाडीत एक कोसळलेलं होगन, म्हणजे आमचं लाकडाचं घर, होतं, तीन बेचकीचे खांब एकमेकांवर कलंडलेले. पण तपासायला आलेली मार्गारेट नावाची गोरी पोरगी म्हणाली, हे शंभर वर्षांचं की अडीचशे, ते खांबाचा काप घेऊन लाकडातली वलयं मोजल्याशिवाय कळायचं नाही.

इथंच गाडं अडलं. पडक्या होगनच्या लाकडाला आमच्यात कुणी हात लावत नाही. घरात माणूस गेला, तर उत्तरेची भिंत फोडून प्रेत बाहेर काढतात आणि घर कायमचं सोडतात. मावशीनं तर जन्मभर मेंढ्याही तिथून लांबूनच वळवल्या होत्या. कुरण वाचवायचं तर लाकूड कापू द्यायचं, आणि आत कुणी मेलं असेल तर मेलेल्याला डिवचायचं.

तीन दिवस ती अवाक्षर बोलली नाही. घरात सगळ्यांना तेवढीच विश्रांती. चौथ्या दिवशी सकाळी मला म्हणाली, "चल रे. तू पुढं हो. तुझं लग्न झालंय, तुला आता भीती कसली?"

झाडीपाशी पोचल्यावर मात्र मला मागं ढकलून तीच पुढं गेली. होगनला लांबून वळसा घातला आणि उत्तरेला उकिडवी बसली. पायथ्याचे दगड ओळीत, जसे मांडले तसेच. भिंत कुठंही फोडलेली नव्हती. बराच वेळ बघून तिनं मार्गारेटला हाक मारली.

"काप बाई. इथं कुणी मेलं नाही. चारा संपला नि उठून गेले, आमच्यासारखेच."

मी ते इंग्रजीत सांगितलं. मार्गारेटनं करवत काढली, आणि मावशी तिथंच शेजारी बसून राहिली.

हिवाळ्यात मार्गारेट निकाल घेऊन स्वतः आली. खांबाचं झाड सतराशे एकतीस साली तोडलेलं होतं.

"म्हणजे माझ्याहून थोडं थोरलं," म्हणत मावशीनं तिच्या पेल्यात कॉफी ओतली.

रस्ता वळला. त्या वळणावर ट्रकवाले अजून शिव्या घालतात. मावशी पंच्याऐंशीपर्यंत तिथंच मेंढ्या चारत होती, आणि शिव्या घालणाऱ्या प्रत्येकाला हात करायची.