मोज्यातला चहा

थंडीत आमच्या देवासच्या तलावात पोहताना माझ्या पायांची बोटं सुन्न व्हायची, मग मी अर्ध्यातूनच परत यायचो. आमच्याकडे भावाला 'भिया' म्हणतात; काका काठावरून ओरडायचे, "आला भिया, यू-टर्न मारून!"

या संक्रांतीला पलीकडचा काठ गाठायचाच, म्हणून निओप्रीनचे, म्हणजे पाणबुडे घालतात तसले जाड रबरी मोजे मागवले. घालण्याआधी त्यांत कोमट पाणी ओतलं की पाय गरम राहतात म्हणे. घाईत मी थर्मास उचलून ओतला, तर आल्याचा वास! तो काकांचा चहा होता. नशीब, कोमटच झाला होता.

"आता शेव पण टाक ना त्यात!" काका बोंबलले.

मी ते मोजे तसेच चढवून उडी मारली. बोटं शेवटपर्यंत शाबूत! पलीकडच्या काठाला हात लावला आणि काकांच्याच आवाजात ओरडलो, "भिया, चहा एकदम कडक होता!"